हिरकणी कक्ष आईचा. मग बाळाला घेऊन निघालेल्या बापाने कुठे जायचे?

माहुलीकर (सातारा)

नमस्कार. मी इथे बहुतेक वेळा वाचकच असतो. परंतु गेल्या महिन्यातील एका अनुभवानंतर हा विषय मांडल्यावाचून राहवले नाही.

माझ्या सासूबाईंची मिरजेला शस्त्रक्रिया होती. पत्नी पहाटेच्या गाडीने पुढे गेली आणि आमच्या दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन मी दुपारच्या एसटीने साताऱ्याहून निघालो. वाटेतल्या एका बसस्थानकात गाडी थांबली, तेव्हा मुलीने शी केली होती. वाहकांनी दहा मिनिटे थांबणार म्हणून सांगितले. समोरच हिरकणी कक्ष होता आणि दारावर 'फक्त स्तनदा मातांसाठी' असे लिहिले होते. आत कोणी ताई बाळाला पाजत असतील, या विचाराने मी दाराशी न थांबता मागे फिरलो, आणि ते योग्यच होते. पुरुषांच्या स्वच्छतागृहात मात्र बाळाला आडवे ठेवता येईल अशी हातभर कोरडी जागा नव्हती. जमीन ओली होती, बेसिनचा काठ फुटलेला होता आणि पिशवी अडकवायला भिंतीत खिळासुद्धा नव्हता. शेवटी फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर दुपटे अंथरले. येणारेजाणारे बघत होते, मुलगी रडत होती, आणि एका हाताने तिचे पाय धरून दुसऱ्या हाताने पिशवीतले ओले कापड शोधताना माझी तारांबळ उडाली. तेवढ्यात शेजारच्या मावशींनी आपली पिशवी खाली ठेवली, "द्या इकडं, बाप्या माणसाला कुठलं जमतंय," असे म्हणत मुलीला माझ्याकडून घेतले आणि दोन मिनिटांत स्वच्छ केले.

त्या मावशींची माया मी विसरणार नाही. परंतु मुलगी जन्मल्यापासून रात्रीचे लंगोट मीच बदलत आलो आहे, तिची बाळुती धुतली आहेत, आणि प्रवासात डायपर कसा बांधायचा हेही मला ठाऊक आहे. मला काम येत नव्हते असे नाही, ते करायला जागा नव्हती. आणि जागा नसल्यामुळेच बघणाऱ्यांना हे बाप्या माणसाला जमत नाही असे वाटत राहते.

हिरकणीची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. सांजवेळी रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे बाळ एकटे होते, म्हणून ती दूध विकणारी आई कडा उतरून गेली. पाजण्याच्या खोलीला तिचे नाव देणे अत्यंत उचित आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की बाळाला पाजणे आणि बाळाचा लंगोट बदलणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्याला आई लागते आणि आडोसा लागतो. दुसऱ्याला कोणतेही दोन हात चालतात, फक्त एक कोरडी फळी, पाणी आणि कचऱ्याचा डबा लागतो. ही दुसरी सोय जिथे आहे तिथे ती पहिल्या सोयीच्या दाराआड ठेवली गेली, आणि त्यामुळे बाप, आजोबा, मामा, काका हे सगळे बाहेर राहिले. सातारा-सांगली भागातील इतरांचा अनुभव काय आहे आणि यावर काय करता येईल, हे जाणून घ्यायचे आहे.

कृष्णाकाठची (कराड)

माहुलीकर, आपण दाराशी न थांबता मागे फिरलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानते. हे मुद्दाम लिहीत आहे, कारण या चर्चेतून 'हिरकणी कक्ष सर्वांना खुला करा' अशी मागणी पुढे आली तर माझा तिला ठाम विरोध राहील.

माझा मोठा मुलगा तान्हा असताना कराड ते पुणे प्रवासात मी त्याला खिडकीकडे तोंड करून, पदराखाली, अंग आखडून पाजले आहे. धाकटीच्या वेळी पहिल्यांदा हिरकणी कक्षात बसले आणि दार लावल्यावर जो मोकळा श्वास घेता आला, तो मला आजही आठवतो. त्या दारातून परका पुरुष केव्हाही येऊ शकतो असे झाले, तर बायका तिथे बसणे बंद करतील आणि पुन्हा पदराखाली पाजू लागतील.

आणखी एक गोष्ट सांगते. हिरकणी कक्षात पाजायला बाक असतो, परंतु मी पाहिलेल्या कक्षांपैकी फारच थोड्यांत लंगोट बदलण्यासाठी वेगळा ओटा होता. बायकांच्या स्वच्छतागृहातही तो नसतो; आम्हीही बाळाला मांडीवर घेऊन, एक पाय भिंतीला टेकवून हे काम करतो. तेव्हा पुरुषांकडे सोय नाही आणि आमच्याकडे आहे, असे कृपया समजू नये. दोन्हीकडे हवी आहे. आमच्याकडे ती नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण आम्ही कसेबसे निभावून नेतो.

खानापूर तालुका

माझे वय बहात्तर आहे आणि मला तीन नातवंडे आहेत. आपल्या भावनेचा आदर आहे, तरीही एक शंका विचारतो. आपल्याकडच्या सार्वजनिक मुताऱ्यांत पाणी नसते, दाराला कडी नसते, दिवा नसतो. तिथे आधी पाणी आणण्याऐवजी बाळासाठी फळ्या मागत बसणे हे पायाआधी कळस चढवण्यासारखे होणार नाही का? आमच्या काळी बाळुती होती, दुपटे होते, झाडाची सावली होती. कुठेही बसून काम होत असे.

मिरजेची परिचारिका

काका, आपली शंका रास्त आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मी बालरोग विभागात अनेक वर्षे काम करते आणि आमच्याकडे सांगली जिल्ह्यातूनच नव्हे, तर सीमेपलीकडून कर्नाटकातूनही लेकरे घेऊन माणसे येतात. चार-चार तासांचा प्रवास करून आलेल्या बाळाचा लंगोट कित्येकदा निघाल्यापासून बदललेला नसतो. विचारले तर वडील सांगतात की वाटेत जागाच मिळाली नाही. ओल्या लंगोटात तासन्‌तास राहिलेल्या बाळाची कातडी लाल होऊन सोलवटू शकते. जुलाब होत असलेल्या बाळाचे तर विचारूच नका.

झाडाची सावली आणि दुपटे यांबद्दल मला आदरच आहे, परंतु शी झालेल्या बाळाला जिथे टेकवले तिथेच पुढचे माणूस जेवणाचा डबा उघडून बसते. फलाटावरचा बाक हे त्याचे उदाहरण आहे. लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुणे ही जुलाबाच्या आजारांपासून बचावाची अगदी मूलभूत गोष्ट आहे, आणि म्हणून बदलण्याची जागा नळाजवळच असली पाहिजे. फळी मागितली की तिच्यासोबत पाणी आणि साबणही मागावे लागतात. काकांना जे आधी हवे आहे तेच या मागणीच्या पोटात आहे.

बापांसाठी एक सूचना: मुलगी असेल तर पुसताना नेहमी पुढून मागे पुसावे, मागून पुढे कधीही नाही, मूत्रमार्गाचा संसर्ग टळतो. आणि चार-पाच महिन्यांनंतर बाळ कोणत्याही क्षणी कुशीवर वळते, म्हणून फळीवर ठेवल्यावर एक हात सतत त्याच्या अंगावर असावा, पट्टा असला तरीही. हे मी आयांनाही सांगते. बाप समोर असतील तर मुद्दाम त्यांच्याकडे बघून सांगते, कारण पुष्कळदा त्यांना हे कोणी कधी सांगितलेलेच नसते.

बांधकामवाला (विश्रामबाग, सांगली)

इमारतींची कामे करतो, म्हणून माझ्या बाजूने लिहितो. मॉलमध्ये किंवा विमानतळावर जी घडीची प्लॅस्टिकची फळी दिसते, ती बसवायला भक्कम भिंत लागते. पातळ पार्टिशनवर बसवली तर महिन्याभरात निघून येते. शिवाय तिची बिजागरी बिघडली की आपल्याकडे सुटा भाग लवकर मिळत नाही, आणि मोकळी लोंबणारी फळी बाळाच्या दृष्टीने नसलेल्या फळीपेक्षा घातक असते.

बसस्थानक, भाजी मंडई, दवाखाना अशा ठिकाणी मला गवंडीकामाचा ओटा अधिक योग्य वाटतो. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा असतो. तसाच, पण लहान. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन बाजूंनी चार-पाच इंचांचा काठ उचललेला, आणि पुढची कड गोल घासलेली. उंची उभ्याने काम करणाऱ्यांना सोयीची हवी, तशीच चाकाच्या खुर्चीवरून पोहोचता येईल अशीही हवी. अमेरिकेत अपंगांसाठीच्या मानकांत अशा कामाच्या पृष्ठभागाची उंची जमिनीपासून २८ ते ३४ इंच ठेवतात. आपण ३० ते ३२ धरली तर दोन्ही साधते. खाली गुडघ्यांसाठी जागा मोकळी सोडावी, तिथे कपाट करू नये. ओटा दाराच्या मागे घेऊ नये, कारण दार उघडणाऱ्याला आत बाळ आहे हे कळत नाही. मुतारीच्या रांगेतही नको. बेसिनच्या शेजारच्या कोरड्या भिंतीला हवा, आणि वर पिशवीसाठी दोन मजबूत हुक.

मिरजेची परिचारिका

बांधकामवाले दादा, कल्पना फारच आवडली. फक्त कडप्पा नको. काळ्यावर मळ दिसत नाही. फिकट रंगाचा, एकसंध दगड घ्या. फरशीचे तुकडे जोडले तर सांध्यांत घाण राहते.

जुना वाहक (वाई)

एसटीत एकतीस वर्षे काढली. ओटा होईल, त्याची मला चिंता नाही. चिंता किल्लीची आहे. अनेक ठिकाणी चांगली खोली बांधली जाते, उद्घाटन होते, मग कोणीतरी आत झोपते किंवा नळ काढून नेतो, म्हणून कुलूप लागते. किल्ली ज्यांच्याकडे असते ते पाळी संपवून घरी गेलेले असतात, आणि दहा मिनिटे थांबणाऱ्या गाडीतल्या प्रवाशाला किल्ली शोधायला वेळ नसतो. मी स्वतः चालकाला विनंती करून आयांसाठी गाडी थांबवून ठेवली आहे.

म्हणून माझे मत असे आहे की ओटा कुलपाच्या खोलीत घेऊच नये. स्वच्छतागृहातच, कुलूप नसलेल्या जागी, जिथे सफाईचा माणूस दिवसातून अनेक वेळा येतोच, तिथे घ्यावा, आणि सफाईच्या ठेक्याच्या अटींत 'ओटा पुसणे व डबा रिकामा करणे' हे शब्द लिहून घ्यावेत. ठेक्यात जे लिहिलेले नसते ते काम कोणाचेच नसते. वापरलेल्या डायपरचा प्रश्नही तिथेच सुटतो. घनकचऱ्याच्या नियमांत डायपर हा सॅनिटरी कचरा धरला आहे आणि तो गुंडाळून टाकायचा आहे. पण पुरुषांच्या बाजूला त्यासाठी झाकणाचा डबाच नसल्यामुळे लोक तो शौचकूपात टाकतात आणि मग सगळी वाहिनी तुंबते. स्थानकावर हे मी कितीदा पाहिले आहे.

खानापूर तालुका

परिचारिका ताई आणि वाईचे वाहक, दोघांचेही पटले. डब्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

जतची आई

धागा दोन दिवस वाचत होते, लिहावे की नाही ठरत नव्हते. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, तो चालत नाही आणि त्याला डायपर लागतो. महिन्यातून दोनदा आम्ही त्याला फिजिओथेरपीसाठी मिरजेला नेतो.

तीन फुटांच्या ओट्यावर तो मावत नाही. तो सहा वर्षांचा होईपर्यंत मी त्याला बायकांच्या बाजूला नेत असे; आता तिथल्या बायका संकोचतात, आणि त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. त्याच्या वडिलांनी पुरुषांच्या बाजूला नेले तर जमिनीवर निजवण्यावाचून मार्ग नसतो. मुताऱ्यांच्या ओल्या जमिनीवर जुना फ्लेक्स अंथरून आम्ही आमच्या मुलाला निजवतो. माझ्या मुलाला आता सगळे समजते. तो डोळे मिटून घेतो.

आपण बाळांसाठी जे मागत आहात ते मिळावेच. त्या अर्जात माझ्या मुलासाठी एक ओळ घालता आली तर पाहावे.

माहुलीकर (सातारा)

ताई, ती ओळ अर्जात पहिली असेल.

वाईहून न्यू जर्सी

मूळचा वाईचा, सध्या अमेरिकेत आहे. इथली माहिती उपयोगी पडेल म्हणून लिहितो. इथेही काही वर्षांपूर्वीपर्यंत बदलण्याची फळी बहुतेक बायकांच्याच बाजूला असायची. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली, ज्यानुसार जनतेला खुल्या असलेल्या केंद्र सरकारच्या इमारतींत पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या, दोन्ही स्वच्छतागृहांत ही सोय आवश्यक झाली. त्या कायद्यातली एक तरतूद आपण उचलावी अशी आहे: एखाद्या स्वच्छतागृहात फळी नसेल, तर त्याच मजल्यावर ती कुठे आहे हे सांगणारी ठळक पाटी तिथे हवी. न्यूयॉर्क राज्याने २०१९ पासून नव्या आणि मोठी दुरुस्ती होणाऱ्या सार्वजनिक इमारतींना असाच नियम लावला. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या एका बापाचे छायाचित्र सर्वत्र पसरले होते: पुरुषांच्या स्वच्छतागृहात भिंतीला पाठ टेकवून, उकिडवे बसून, स्वतःच्या मांड्यांवर बाळाला निजवलेले. माहुलीकरांचा फलाटावरचा प्रसंग वाचून तेच आठवले. कायदा जिथे लागू नाही, तिथे आजही बापाला मांडीच वापरावी लागते, हेही सांगितले पाहिजे.

जतच्या ताईंसाठी: इंग्लंडमध्ये मोठ्या वयाच्या अपंग व्यक्तींसाठी माणसाच्या लांबीचा बाक आणि उचलण्याचे यंत्र असलेल्या स्वच्छतागृहांची चळवळ २००६ मध्ये सुरू झाली, आणि १ जानेवारी २०२१ पासून तिथल्या नव्या मोठ्या सार्वजनिक इमारतींत ती बांधणे नियमाने बंधनकारक झाले. यंत्र आपल्याकडे लगेच येणार नाही. परंतु सहा फुटांचा, खाटेच्या उंचीचा एक भक्कम बाक आणि कोणालाही आत जाता येईल असे वेगळे दार, एवढे तर गवंडीकामातही होईल.

बांधकामवाला (विश्रामबाग, सांगली)

होईल. अपंगांच्या स्वच्छतागृहाचे दार बहुतेक ठिकाणी बाहेरून स्वतंत्र असते, स्त्री-पुरुष भेद नसतो. बाक तिथेच घ्यावा. खोली थोडी रुंद करावी लागेल, म्हणून नव्या नकाशातच मागायला हवे. लहान मुलांचा ओटाही तिथे घेतला तर आजोबांबरोबरची नात आणि आजीबरोबरचा नातू, दोघांचेही काम होते. मात्र तो दोन्ही बाजूंच्या ओट्यांच्या ऐवजी नको, त्यांच्या जोडीला हवा. नाहीतर अपंग माणूस बाहेर ताटकळत राहील.

कृष्णाकाठची (कराड)

आपल्या देशातही काही आधार आहेत. केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्व राज्यांना सार्वजनिक ठिकाणी स्तनपान कक्ष व पाळणाघरे यांसाठी जागा ठेवण्याबाबत सूचना पाठवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती वराळे यांच्या खंडपीठाने त्या सूचनांवर राज्यांनी कार्यवाही करावी आणि जी सार्वजनिक बांधकामे नियोजनात आहेत त्यांत ही जागा राखून ठेवावी, असे सांगितले. तो निर्णय मुख्यतः मातांच्या संदर्भात आहे. परंतु संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या तिसऱ्या खंडात 'स्त्रिया व बालके' असे दोन्ही शब्द आहेत. पाजण्याची सोय आईची आणि बाळाची आहे. बदलण्याची सोय मात्र केवळ बाळाची आहे, मग त्याला कोणी का घेतलेले असेना. अर्जात मांडणी अशी केली तर ती हिरकणी कक्षाच्या विरोधात जात नाही, आणि माझ्यासारख्या बायकाही सही करतील.

महामार्गासाठी वेगळा अर्ज करावा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने महामार्गालगतच्या सुविधांचे 'हमसफर' धोरण जाहीर केले, त्यात स्वच्छ शौचालयांसोबत बाळाच्या देखभालीच्या खोलीचा उल्लेख आहे. सातारा ते कागल रुंदीकरणाचे काम चाललेलेच आहे. खोली बांधली जाणार असेल तर तिचे दार बापालाही उघडे असावे, हे आत्ताच सांगितले पाहिजे.

माहुलीकर (सातारा)

सर्वांचे वाचून अर्जाचा मसुदा केला आहे. तो एसटीच्या विभाग नियंत्रकांना द्यायचा आहे आणि प्रत नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना. मजकूर असा:

'महोदय, बसस्थानकाच्या अपंगांसाठीच्या स्वच्छतागृहात मोठ्या वयाच्या व्यक्तीस निजवून स्वच्छ करता येईल असा सहा फुटी बाक करावा. पुरुषांच्या व स्त्रियांच्या, दोन्ही स्वच्छतागृहांत बेसिनलगत माता-पित्यांसाठी लंगोट बदलण्याचा एकसंध, फिकट दगडाचा ओटा, झाकणाचा डबा व साबण यांची सोय करावी. ओटा पुसणे व डबा रिकामा करणे यांचा समावेश सफाईच्या ठेक्यात करावा. ही सोय जिथे नसेल तिथे ती कुठे आहे याची पाटी लावावी. हिरकणी कक्ष आहे तसाच, केवळ मातांसाठी राखीव राहावा.'

कृष्णाकाठची (कराड)

एक दुरुस्ती सुचवते. 'माता-पित्यांसाठी' ऐवजी 'बाळासोबत असलेल्या कोणत्याही व्यक्तीसाठी' असे लिहा. माझी धाकटी वर्षाची होईपर्यंत मी नोकरीवर असताना तिला माझे सासरेच सांभाळत होते. पाटीवर चित्र काढतील तेव्हा साडीतल्या बाईचे काढू नये, नुसत्या बाळाचे काढावे, हेही घाला; चित्र पाहूनच पुरुष मागे फिरतात.

जतची आई

पहिली ओळ वाचली. त्याच्या वडिलांनाही वाचून दाखवली. आमच्या दोघांच्या सह्या धरा.

जुना वाहक (वाई)

मसुदा चांगला झाला आहे. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. महिन्याभरात काही कळले नाही, तर त्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका आणि 'माझ्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली' एवढेच विचारा. त्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. मी सोमवारी साताऱ्याला येणार आहे. अकरा वाजता स्थानकावर भेटू, आणि अर्ज देण्याआधी पुरुषांच्या बाजूची बेसिनशेजारची भिंत टेपने मोजून घेऊ, म्हणजे जागा नाही असे कोणी म्हणाले तर आकडा हातात असेल.